कायमाउमाउचा रस्ता

खोटं बोलायलाही सराव लागतो, आणि निवेदिताचा सराव एव्हाना चांगला झाला होता. सुरुवातीला तिचे कान लाल व्हायचे, धुतलेलं भांडं ती उगाच पुन्हा विसळायची. आता भाजी चिरता चिरता ती सहज सांगायची, "आई, देवव्रतचा मेसेज आला होता. सिंगापूरची मीटिंग लांबलीय म्हणे. संध्याकाळी करेल फोन."

देवव्रत सिंगापुरात नव्हताच. तो न्यूझीलंडमध्येच, त्यांच्या हॅमिल्टनच्या घरापासून दीड तासावर, टौरंगाला होता. ऑक्टोबरातल्या एका रविवारी, जेवण झाल्यावर, ताट सिंकमध्ये ठेवता ठेवता त्याने सांगून टाकलं होतं की त्याला आता या घरात राहायचं नाही. कंपनीच्या टौरंगाच्या ऑफिसात एक बाई आहे, आणि हे वर्षभर चाललंय. निवेदिताने त्या बाईचं नाव एकदाच ऐकलं, पुन्हा कधी उच्चारलं नाही. अकरा वर्षांचा संसार, पण भांडणही धड झालं नाही. तो बॅगा भरत होता आणि ती दारात उभी राहून इस्त्रीचे शर्ट कुठे ठेवलेत ते त्याला सांगत होती. ते आठवलं की पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःचीच लाज वाटायची.

जाताना त्याने एक गोष्ट मात्र मागून घेतली. डिसेंबरात त्याची आई पुण्याहून यायची होती. तिकीट झालेलं होतं. पावसाळ्यात तिची अँजिओप्लास्टी झाली होती, आणि ती इतक्या उमेदीने बॅग भरत होती की नको येऊ म्हणणं शक्य नव्हतं.

"आईला एवढ्यात काही कळायला नको," देवव्रत म्हणाला. "मी स्वतः सांगेन. पुण्याला जाऊन, समोर बसून सांगेन. ती इथे आहे तेवढे दिवस तू सांभाळून घे. प्लीज."

निवेदिता हो म्हणाली. ती हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती, हृदयाच्या पेशंटांच्या गोळ्या रोज तिच्या हाताखालून जायच्या, त्यामुळे हे कारण तिला पटलंही. पण खरं सांगायचं तर जोवर सासूबाईंना माहीत नाही तोवर हे घडलंच नाही असं म्हणायची सोय राहत होती. शिवाय विभावरीबाईंवर तिचा जीव होता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिची स्वतःची आई गेली, तेव्हा पंधरा दिवस तिच्या शेजारी झोपून, रात्री पाठीवरून हात फिरवणारी ही बाई होती.

विभावरीबाई आल्या तेव्हा देवव्रत आठवडाभर घरी येऊन राहिला. सगळं पूर्वीसारखं. बेडरूमचं दार लावलं की तो जमिनीवर स्लीपिंग बॅग पसरायचा. एका रात्री त्याच्या घोरण्याच्या ओळखीच्या आवाजाने निवेदिताला फार दिवसांनी गाढ झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर त्या झोपेचाच राग आला. मग ऑफिसचं तातडीचं काम निघालं आणि तो 'सिंगापूरला' गेला. विभावरीबाईंनी त्याच्या हातावर दही घातलं.

आता राहिली होती ती सहल. विभावरीबाई एलआयसीतून रिटायर झालेल्या. सासरे गेल्यावर त्यांना पक्ष्यांचं वेड लागलं. निसर्गमंडळाच्या लोकांबरोबर रविवारी पहाटे कवडीला नदीकाठी जायचं, पावसाळा सरताना कासच्या पठारावर फुलं बघायला जायचं, असं त्यांनी आपलं आयुष्य पुन्हा मांडलं होतं. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडच्या पाणथळी बघायच्या, हे देवव्रतने त्यांना दोन वर्षांपासून कबूल केलेलं. केबिनही त्यानेच बुक केल्या होत्या.

"तू घेऊन जा तिला," तो फोनवर म्हणाला. "कॅन्सल केलं तर तिला संशय येईल."

"मी? एकटी? चार दिवस गाडीत?"

"निवे, तुझ्याशिवाय कोण आहे?"

हे वाक्य त्याने ज्या सहजपणे टाकलं, त्यावर हसावं की रडावं तिला कळेना.

*

पहिला मुक्काम मिरांडाला, खाडीच्या काठी. भरतीची वेळ गाठून त्या पोचल्या, तेव्हा पाण्याने चिखल गिळत आणलेला आणि हजारो कुआका पक्षी किनाऱ्याच्या उरल्यासुरल्या पट्टीवर दाटीवाटीने एका पायावर उभे होते. विभावरीबाईंनी दुर्बीण लावली ती काढेचनात. वाऱ्याने त्यांची पांढरी वेणी सुटली, सलवारीचे पाय भिजले, तरी भान नाही.

"निवे, हे अलास्काहून येतात ग. थेट समुद्रावरून. वाटेत बसायला जागा नाही, खायला नाही. आणि आता बघ कसे उभे आहेत, जसे काही कोपऱ्यावरच्या दुकानातून आलेत!"

निवेदिता हसली. विभावरीबाईंचा आनंद असा संसर्गजन्य होता, आणि तिला तो लागत होता, हेच अवघड होतं. बाई रागीट असत्या, कटकट्या असत्या, तर खोटं बोलणं सोपं गेलं असतं.

गाडीत पुढच्या सीटवर त्यांच्या मांडीवर कायम एक स्टीलचा डबा असायचा. बेसनाचे लाडू. त्यातले दोन खाल्ले की दोन त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बाजूला टाकायच्या. "हे देवूच्या वाटणीचे. आला की खाईल." निवेदिता रस्त्याकडे बघत गिअर बदलायची. बंद काचा, हीटरसारखं तापणारं ऊन, तुपाचा वास आणि देवूच्या लहानपणाच्या गोष्टी. देवूला कशी कांजिण्यांत खाज सुटली, देवू कसा शाळेतून पळून आला, देवूला दुसऱ्याचं दुःख कसं बघवत नाही. ऑकलंड गेलं, फांगारे गेलं, गोष्टी संपत नव्हत्या. पेट्रोल भरायला उतरलं की निवेदिता मुद्दाम टॉयलेटमध्ये जाऊन नुसतीच उभी राहायची. आरशात बघायची नाही. तेवढा वेळ कुणाला काही सांगावं लागत नसे.

"देवू असता तर किती मजा आली असती," विभावरीबाई म्हणाल्या.

"हो ना," निवेदिता म्हणाली.

काइतायाच्याही पुढे, मुख्य रस्ता सोडून, वाळूच्या टेकाडांमधून एक अरुंद रस्ता कायमाउमाउच्या पाणथळीकडे जातो. त्या रस्त्याच्या शेवटी रॉबिन नावाच्या साठीतल्या बाईच्या मोजक्या केबिन होत्या. रॉबिन अनवाणी बाहेर आली, "किया ओरा" म्हणाली आणि विभावरीबाईंची दुर्बीण बघून खूष झाली. केबिन म्हणजे एकच खोली, दोन पलंग, एक किटली, आणि बाहेर लाकडी ओटा. मोबाइलची रेंज फक्त त्या ओट्याच्या टोकाला, कपड्यांच्या दोरीपाशी मिळायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभावरीबाईंनी पाणथळीच्या कडेला जे बघितलं त्याने त्या खुळावल्याच. कुजलेल्या शेवाळाच्या काळ्या, ओल्या जमिनीवर गुडघे टेकून त्या ओरडल्या, "निवे! अग हे आपलं कास आहे! हे बघ दवबिंदू, किडे खाणारं. आणि ही... ही तर सीतेची आसवं!"

निवेदिता वाकली. तिळापेक्षा थोडी मोठी, फिकट जांभळी फुलं, केसासारख्या दांड्यांवर. ती यांच्यावर पाय देऊनच आली असणार.

"तीच?"

"तीच कशी असतील? यांची चुलत भावंडं. पण घराणं तेच." विभावरीबाईंनी चष्मा वर ढकलला. डोळ्यांत पाणी होतं. "एवढ्या लांब येऊन कुणीतरी ओळखीचं भेटलं ग."

थोड्या वेळाने रस्त्याच्या कडेने एक पुकेको लाल पाय उचलत चालत गेला, आणि ही तर कवडीची जांभळी पाणकोंबडी म्हणून त्यांनी त्याला नमस्कार केला. पण खरं प्रेम जडलं ते तुईवर. केबिनपुढे हरकेकेची उंच झुडपं फुलली होती आणि त्यांच्या लालसर दांड्यांवर दिवसभर तुई यायचे, काळेभोर, गळ्याशी पांढरे गोंडे.

"ऐक, ऐक," विभावरीबाई चहाचा कप धरून ओट्यावर बसायच्या. "आधी घंटा वाजवतो. टिंग. मग खाकरतो. मग पुन्हा टिंग. अगदी तुझे सासरे! पूजा करताना घंटा वाजवायची आणि मध्येच खोकून घ्यायचं. असा आवाज दुसऱ्या कुठल्या पक्ष्याचा मी ऐकला नाही."

रॉबिनने सांगितलं, हा पक्षी या देशाबाहेर कुठे नाही. विभावरीबाईंना त्याचाही अभिमान वाटला, जसा काही त्यांनीच तो आणला होता.

*

त्याच दुपारी उत्तरेकडून ढग आले. आधी वारा, मग पाऊस. पुण्यात पडतो तसा थांबून थांबून नव्हे. नळ सोडून कुणी विसरून गेल्यासारखा. संध्याकाळी रॉबिन पिवळा रेनकोट घालून आली. खालच्या ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलंय, म्हणाली. गाडी जाणार नाही. उद्या निघायचं विसरा, परवाचं बघू. हवामानवाले चक्रीवादळाची शेपटी आहे म्हणतायत. लागलं तर तिच्याकडे अंडी आहेत, ब्रेड आहे.

एका खोलीत आणखी दोन दिवस. तिने मनात हिशेब करून ठेवला होता की उद्या निघालं की गाडी, गाडीनंतर घर, घरानंतर ड्यूटी, असे श्वास घ्यायला कोपरे मिळतील. ते गेले.

देवव्रतचा फोन रोज संध्याकाळी यायचा. त्या दिवशीही आला. विभावरीबाई लगबगीने ओट्याच्या टोकाला गेल्या, कठड्याला टेकल्या. निवेदिता छत्री धरून त्यांच्या शेजारी उभी राहिली. ती नेहमीच जवळ उभी राहायची, काही घसरलं तर सावरायला.

"हो रे, पाऊस आहे. अडकलोय. नाही नाही, मजेत आहोत. तू जेवलास का? तिकडे किती वाजलेत?... दुपार? मग जेवण झालं असेल. मी म्हटलं..."

त्या बोलता बोलता थांबल्या. फोन कानाला तसाच होता. मग त्यांनी तो कानापासून थोडा दूर केला आणि समोरच्या हरकेकेकडे बघितलं. पावसाने झुडपं झोडपून निघत होती. त्यांच्यावर एकही पक्षी नव्हता. दुपारपासून कुठे आवाजही नव्हता.

निवेदितालाही ऐकू आलं, छत्रीवरच्या थडथडाटातून, फोनमधून. टिंग. मग खाकरणं. मग पुन्हा टिंग.

"काही नाही रे," विभावरीबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "पावसाने ऐकू येत नाही नीट. ठेवते."

त्या आत गेल्या, पलंगावर बसल्या, ओढणीने पाय पुसले. निवेदिताने किटली लावली. पाणी उकळून किटली आपोआप बंद झाली तरी कुणी उठलं नाही.

"सिंगापुरात तुई असतो का ग?"

"तिकडे मैना असतात आई. नकला करतात."

"मैना मी साठ वर्षं ऐकतेय."

निवेदिता खिडकीकडे बघत राहिली. खिडकीत पाणी, पाण्यापलीकडे पाणी. एवढ्या लांबच्या रस्त्याने येऊन ती अशा जागी बसली होती जिथून उठून जायलासुद्धा वाट नव्हती. शेवटचं एक खोटं जिभेवर तयार होतं. कुणाच्या तरी मोबाइलची रिंगटोन असेल. ते तिच्याने बोलवेना.

"तो टौरंगाला आहे आई."

"कामाला?"

"नाही. तिथे राहतो. ऑक्टोबरपासून. एकटा नाही राहत."

विभावरीबाईंनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाल्या, "डिसेंबरात घरी होता तो आठवडा?"

"तुमच्यासाठी."

"आणि तू?"

"मीही तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी!" त्या एकदम उसळल्या. निवेदिताने त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "मला गाडीत घालून एवढं फिरवलंस, आणि मी वेडीसारखी त्याच्या वाटणीचे लाडू काढून ठेवतेय! तू बघत होतीस! रोज बघत होतीस! मनात काय म्हणत होतीस ग, म्हातारी खुळी आहे?"

"नाही आई..."

"त्याने केलं ते केलं. तो पुरुष, तो पळाला. पण तू तर माझ्याजवळ होतीस."

हे तिला लागलं. देवव्रत गेला तेव्हाही जेवढं लागलं नव्हतं तेवढं लागलं. तिने तोंड उघडलं आणि तिला कळलं की तिच्या बाजूने सांगण्यासारखं तिच्याकडे काही नाही. वचन दिलं होतं, एवढंच. ते कुणाला दिलं, याचा तिने विचारच केला नव्हता.

"गोळी घेतली का तुम्ही?" तिने विचारलं.

"घेतली," विभावरीबाई म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

*

दुसरा दिवस पावसातच उजाडला. निवेदिताने अंडी उकडली. विभावरीबाई अंडं खात नसत, त्यांना ब्रेड भाजून दिला. त्यांनी तो खाल्ला. बोलल्या दुपारनंतर, आणि बोलल्या त्या एखादं काम हाती घेतल्यासारख्या.

"हे बघ, मी रात्रभर विचार केलाय. रस्ता सुटला की आपण सरळ टौरंगाला जायचं. तू आणि मी. मी त्याच्याशी बोलते. माझ्यासमोर त्याची मान वर होणार नाही. तू सोबत असलीस की तो येईल. तोवर तू कुणाजवळ बोलू नकोस. तुमच्या मराठी मंडळात कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"चांगलं. कशाला उगाच चर्चा. माणूस चुकतो. आणि घरी आला की कुणाला कळायचंही नाही."

निवेदिता ऐकत होती आणि तिला वाटत होतं, खोली आणखी लहान होतेय. आजवर ते खोटं देवव्रतचं होतं. आता त्याच्या आईचं होणार. सांभाळायचं तिनेच.

"आई, मला तो परत नकोय."

"असं रागात..."

"रागात नाही. मला वाटलं होतं हवाय. पण काल तुम्हाला सांगितल्यावर कळलं, नकोय."

विभावरीबाईंचा चेहरा हळूहळू बदलला, आणि मग त्यांच्या तोंडून जे आलं ते त्यांनाही अपेक्षित नसावं.

"मग माझं काय ग?"

बाहेर छपराच्या पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं.

"पुढच्या वर्षी मी इथे कायमची यायचं ठरलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कोथरूडला सगळ्यांना सांगितलंय. निसर्गमंडळातल्या लोकांनी निरोपसुद्धा दिला, शाल दिली. मी त्या घरात एकटी... मी कुणाकडे येणार होते? त्याच्याकडे? मला वाटत होतं मी तुझ्याकडे येतेय."

निवेदिता उठली आणि त्यांच्या पलंगावर जाऊन बसली. जवळ घ्यायचा धीर झाला नाही. दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या, बसस्टॉपवर बसतात तशा, समोरच्या भिंतीवरच्या माशाच्या चित्राकडे बघत.

संध्याकाळी फोन वाजला. विभावरीबाईंनी हात पुढे केला. "दे. मी बोलते. आता सोडत नाही त्याला."

त्या ओट्याच्या टोकाला गेल्या, ताठ उभ्या राहिल्या. "हं, देवू... हो, अजून अडकलोय." मग गप्प. पलीकडून तो बोलत होता. बराच वेळ बोलत होता. "असं का? हो का?... भारतीय जेवण मिळतं का तिथे?... बरं बरं. उकडत असेल ना सिंगापुरात."

निवेदिता थक्क होऊन बघत होती. विभावरीबाईंचा चेहरा पांढरा पडला होता आणि आवाज मायेने ओथंबला होता. "नीट जेव. जागू नकोस फार." आणि त्यांनी फोन खाली आणला.

"बोलवेना ग," त्या म्हणाल्या. कठडा घट्ट धरला होता. "मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात तो सांगायला लागला, हॉटेलच्या खालच्या चौकात एक तमिळ माणूस डोसे करतो, त्याच्याशी ओळख झालीय. माणसाला नाव दिलंय, गाव दिलंय. इतकं गोड खोटं, निवे. मीच त्याला मध्येच अडवून लाज कशी आणू? म्हणून मीही..." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तू इतके दिवस हे कसं केलंस?"

"तुम्ही केलंत तसंच."

पाऊस कमी झाला होता. निवेदिताने त्यांच्या हातातून फोन घेतला. नंतर कधी तिला वाटे की तिने ठरवून केलं, पण तसं नव्हतं. बोटं आपोआप चालली. देवव्रतने पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं? आई ठीक आहे ना?"

"आईंना सगळं माहीत आहे. कालपासून. मघाशी बोलल्या तेव्हाही माहीत होतं."

"तू प्रॉमिस केलं होतंस."

"केलं होतं."

"तिला काही झालं असतं तर? तुला एवढंही..."

"त्या माझ्याशेजारी उभ्या आहेत. तुला काय सांगायचं ते त्यांना सांग. खरं असेल ते. मी यापुढे तुझ्या वतीने काही बोलणार नाही. मेसेज आला म्हणणार नाही, मीटिंग आहे म्हणणार नाही. काहीच नाही."

तिने फोन विभावरीबाईंपुढे धरला. त्यांनी मान हलवली. नको. तिने बंद केला. ती तिथेच ओल्या लाकडावर बसली.

*

रस्ता तिसऱ्या दिवशी सुटला. ओढ्यापाशी चिखल आणि वाहून आलेल्या काटक्या होत्या, रॉबिन पुढे चालत हातवारे करत होती आणि निवेदिता पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटत होती. दक्षिणेला येताना गोष्टी नव्हत्या. डब्यातले लाडू दोघींनी खाल्ले, पिशवीतलेही. ऑकलंडच्या पुढे विभावरीबाई म्हणाल्या, "मला टौरंगाला ने. तू उतरू नकोस. मी बघून येते."

"काय बघायचंय?"

"माझा मुलगा आहे तो. कुठे राहतो ते तरी बघायला हवं."

निवेदिताला जायचं नव्हतं. त्या घरापुढे गाडी उभी करून आत बसणं, याची कल्पनाच तिला सहन होईना. तरीही पोकेनोला तिने डावीकडे वळण घेतलं, कारण नाही म्हटलं तर बाई बसने जातील हे तिला दिसत होतं.

घर साधंच होतं. कुंपणाला लाल फुलांचं पोहुतुकावाचं झाड, खाली पडलेल्या तंतूंनी फुटपाथ लाल. देवव्रत बाहेर आला, आईच्या पाया पडायला वाकला. त्याने गाडीकडे बघितलं, हात उचलावा की नाही असा थोडा उचलला. निवेदिताने स्टिअरिंग धरून ठेवलं. दार लागलं.

ती बसून राहिली. काच खाली करावी तर त्या घरातलं ऐकू येईल, वर ठेवावी तर गुदमरतं. शेजारचा माणूस रबरी चपला घालून लॉन कापत होता, तो हसून "लव्हली डे" म्हणाला. तिने मान हलवली. पळून जावं, गाडी सुरू करावी, असं तिच्या मनात दोनतीनदा येऊन गेलं. किल्ली हातात होती. पण आत विभावरीबाई होत्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा एकट्याच होत्या. गाडीत बसल्या, पट्टा लावला. "चल."

काइमाई डोंगराचा घाट चढून हॅमिल्टनच्या बाजूला उतरल्यावर त्या म्हणाल्या, "चहा चांगला केला तिने. आलं घालून. त्याने शिकवलं असेल. मला इतका राग आला ग, चहा चांगला होता म्हणून."

निवेदिताला हसू आलं, मग रडू, मग तिने गाडी बाजूला घेतली. मक्याच्या शेतापाशी. विभावरीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण फिरवला नाही, नुसता ठेवला.

"तो येणार नाही," त्या म्हणाल्या. "मी विचारलं. मला विचारायला नको होतं, तू नको म्हणाली होतीस, तरी विचारलं. तो रडला. पण येणार नाही."

"आई, पुढच्या वर्षी तुम्ही माझ्याकडे या. कायमच्या. आपण दोघी राहू."

शब्द तोंडातून सुटले आणि निवेदिताला छातीवर पुन्हा तेच ओझं चढल्यासारखं वाटलं. ते खरंही होतं, तिला त्या हव्याही होत्या, आणि तरीही ओझं होतं.

विभावरीबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. "घाईत हो म्हणू नकोस. तुला हो म्हणायची फार सवय आहे. मी अजून सव्वा महिना आहे इथे. तोवर विचार कर. मीही करते. शाल परत करता येते मंडळाला."

*

संक्रांतीनंतरच्या शनिवारी हॅमिल्टनच्या मराठी मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. जायचं की नाही यावर दोघींची सकाळ गेली. शेवटी विभावरीबाईंनीच काळी साडी काढली आणि निवेदिताचीही काढून पलंगावर ठेवली.

हॉलमध्ये शिरल्याबरोबर सुलभा समोर आली. मंडळाची सेक्रेटरी, गळ्यात पडणारी, सगळ्यांची खबर ठेवणारी. "विभावरीकाकू! कशी झाली ट्रिप? हीप्स ऑफ बर्ड्स बघितले म्हणे! आणि देवव्रत? अजून सिंगापूरलाच?"

निवेदिताला जाणवलं, तिच्या जिभेवर उत्तर तयार आहे. नेहमीचं, गुळगुळीत, मीटिंगवालं. शेजारी विभावरीबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही, त्या डाव्या हातातल्या पर्सची चेन उघडझाप करत होत्या.

"नाही," निवेदिता म्हणाली. "तो टौरंगाला असतो. आम्ही वेगळे झालो."

सुलभाचा तिळगुळाचा हात तसाच राहिला. मागे कुणीतरी माइक तपासत होतं, एक, दोन, तीन. पोरं खुर्च्यांमधून पळत होती. निवेदिताचे कान लाल झाले. आपण आता इथून बाहेर पळणार असं तिला वाटलं. पण ती पळाली नाही.

"अग बाई," सुलभा म्हणाली. "कधी?"

"ऑक्टोबरात."

"सुलभा, तिळगूळ दे ना ग," विभावरीबाई म्हणाल्या. "हातातच वितळेल. मलाही दे."

सुलभाने दिला. काही बोलायला हवं म्हणून तिने निवेदिताचा दंड दाबला आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळली. ती हॉलच्या त्या टोकाला पोचायच्या आत ही बातमी तिच्यापुढे पोचलेली असणार, हे दोघींना माहीत होतं.

"बसायचं का?" विभावरीबाईंनी विचारलं.

"बसू या," निवेदिता म्हणाली. तिने दोन खुर्च्या पुढे ओढल्या, पहिल्याच रांगेत, कारण मागच्या सगळ्या भरल्या होत्या.